जांभळे डाग

दोष अण्णांचा. म्हणजे माझ्या वडिलांचा, निवृत्त हेडमास्तरांचा. धारवाडातल्या मळमड्डीच्या आमच्या घरात त्यांच्या अकलेचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की मागचे चार आपोआप बाहेर पडतात. मित्र हसतात. मला आठवते ती भीती.

*

माझी बायको कमल. तिला दिवस गेलेले, तिसरा महिना. तिला खाली खाज सुटली, लघवीला आग व्हायला लागली. तिनं आईला सांगितलं. आईनं तुरटीच्या पाण्यानं धुवायला लावलं. कमल न्हाणीघरात ओठ चावून बसली, आणि आई बाहेरून म्हणाली, "आग होतीय म्हणजे लागू पडतंय."

*

पांढरं जातंय हे अण्णांच्या कानावर गेलं. त्यांनी कपाटातलं घरगुती वैद्यकाचं जाडं इंग्रजी पुस्तक काढलं, परम्याचं, म्हणजे बाहेरून आणलेल्या गुप्तरोगाचं, पान उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. "कॉलेज सोडून कुठं हिंडत होतास?"

कुठंच नाही! तरी आठवडाभर मी स्वतःला तपासत होतो. आणि, सांगूनच टाकतो, कमलकडंही संशयानं बघत होतो.

*

शेवटी मावशीला भेटायच्या निमित्तानं तिला हुबळीला नेलं, लॅमिंग्टन रोडजवळच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी तपासलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. दह्याच्या कवड्यांसारखं जातं का, खाज आहे का, घाण वास नाही ना. मग म्हणाल्या, "लोणच्यावर येते ना, तसली बुरशी आहे ही. दिवस गेले की पुष्कळींना होते. कुणाकडून आणलेली नाही, अक्का."

आत जांभळं औषध लावलं, बाटली दिली, डाग पडतील म्हणून बजावलं. कमल गाडीत धारवाड येईपर्यंत रडत होती. आठवड्याच्या आत खाज थांबली.

*

डाग पडलेच. कमल ते कपडे दोरीवर साडीखाली लपवून वाळत घालायची. एक दिवस आईनं साडी उचलली.

अण्णांनी पुन्हा पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पानन् पान चाळलं. "पांढरं आहे, पिवळं आहे, हिरवट आहे. जांभळं कुठंच नाही. म्हणजे हा पुस्तकाच्याही पुढचा रोग!"

मी बाटली पुढं केली. इंटर अर्धवट सोडलेला मला वैद्यक शिकवणार का, असं म्हणत त्यांनी अळनावरला माझ्या सासऱ्यांना, कमलला घेऊन जा म्हणून, पत्र लिहायला घेतलं.

*

सासरे आले. कमल ट्रंक घेऊन दारात थांबली. मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते एकदा माझ्या अप्पांना सांगा की हो."

अण्णा शेजारीच उभे होते. मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

आमची मुलगी आता दोन वर्षांची आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही.