टॉलिव्हरचा शनिवार

डेल्फीन क्रॅट्झर बावीस वर्षं एकच काम करत होती. ब्रॅनक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला खेळायला कुणीतरी मिळवून द्यायचं. लीगमधल्या कॉलेजांचे सामने लीग ठरवते. ब्रॅनक स्वतंत्र होतं, म्हणजे हंगामातले दहाच्या दहा प्रतिस्पर्धी डेल्फीननेच शोधायचे. सप्टेंबरात सगळे मोकळे असत. ऑक्टोबर लागला की लीगवाले आपापसात खेळू लागत आणि तिच्या विनवण्या सुरू होत. "सतरा तारीख रिकामी आहे ना तुमची? आम्ही येतो तिकडे. बस आमची, जेवणही आमचं आम्ही बघू."

काळजी नव्हती ती एकाच तारखेची. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार नदीपलीकडच्या टॉलिव्हर कॉलेजचा. एकाहत्तर वर्षं तो सामना चालला होता. तिचे वडील त्यात खेळले होते. नवऱ्याने, लाइलने, त्यातच खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं. टॉलिव्हरचे सामने ओरिन मॅडक ठरवायचा. दर जानेवारीत त्याचा फोन येई.

"काय गं म्हातारे, आहेस ना अजून?"

"तुम्हाला हरवल्याशिवाय कुठे जातेय!"

झालं, सामना ठरला. कागद मागाहून.

मग एका वसंतात ब्रॅनकला लीगचं बोलावणं आलं. कॉलेजच्या अध्यक्षांनी डेल्फीनचं मत मागितलं. तिने आधी ओरिनला फोन लावला.

"आम्हालाही विचारलंय," तो म्हणाला. "पण लीगमध्ये गेलो की नोव्हेंबर त्यांचा. आपला शनिवार गेलाच म्हणून समज. मी आमच्या लोकांना नाही म्हणायला सांगितलंय. तूही सांग."

तिने सांगितलं. बैठकीत उभं राहून, आवाज चढवून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गावच्या पेपरात तिचा फोटो आला.

चार महिन्यांनी त्याच पेपरात बातमी होती: टॉलिव्हर लीगमध्ये.

"ओरिन, लीगमध्ये जागा किती होत्या रे?" तिने फोनवर विचारलं.

"एकच."

"आणि तुला ठाऊक होतं."

"माझ्या नोकरीचा प्रश्न होता गं, डेल्फीन."

तिने फोन ठेवला. पुन्हा कधी त्याचा उचलला नाही.

त्यानंतर नोव्हेंबर भरायला ती वाट्टेल ते करू लागली. एकदा पोरांना सोळा तास बसमधून टेक्सासला धाडलं. त्रेसष्ट-तीन असा मार खाऊन, दोघांचे गुडघे निकामी करून पोरं परत आली. नवीन खेळाडू भेटायला येत, आईबाप पहिला प्रश्न विचारत, "लीग कुठली?" आणि मग पुन्हा दिसत नसत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता म्हणू लागले, या बाईपायी लीग हातची गेली. वाणसामानाच्या दुकानात एका जखमी पोराच्या आईने तिला सगळ्यांसमोर गाठलं. "तुमच्या त्या स्वातंत्र्याचं आता लोणचं घाला!"

डेल्फीन सामानाची पिशवी उचलून निघाली. ओरिनचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. पण फसवलं गेल्याचं सांगायची तिला जास्त लाज वाटत होती. लाइललासुद्धा तिने सांगितलं नाही.

सहाव्या वर्षी कॉलेजने लीगकडे स्वतःहून अर्ज केला. जागा नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्या हिवाळ्यात फुटबॉल बंद झाला. पुढच्या हंगामाचे चार सामने तिने आधीच जुळवून ठेवले होते. ते रद्द करायचं कामही तिच्याकडेच आलं. तिघांनी हळहळ दाखवली. चौथा, ओहायोतल्या कॉलेजात नुकताच लागलेला माणूस, ऐकून खूश झाला.

"बरं झालं बाई, तुम्हीच फोन केलात! तुम्हाला नाही कसं म्हणायचं, याच विवंचनेत होतो मी. आम्हाला लीगमध्ये घेतलंय ना!"

"अभिनंदन," डेल्फीन म्हणाली. आणि रद्द झालेली तारीख नीट लिहून घेतली का, तेवढं त्याला दोनदा विचारलं.