डॉक्टर आणि आक्काची मेंढी

"थांबा, आधी बघू द्या तिला," असं म्हणून आमचे डॉक्टर मेंढीसमोर उकिडवे बसायचे. हात लावायचे नाहीत. मी सुई भरून उभा, मालक घाईत, आणि हे नुसते बघत बसलेले. बाजाराच्या दिवशी मंद्रूपच्या गुरांच्या दवाखान्यात रांग लागायची, तेव्हा लोक मला हळूच विचारायचे, "डॉक्टर झोपलं का काय?" मी तिथला ड्रेसर, मलमपट्टी करणारा. अशा संथ माणसाचा राग कसा येतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

एकदा आक्का आली. नवऱ्यामागं चाळीसेक मेंढरं एकटीनं राखणारी धनगरीण. तिची एक मेंढी बाभळीला अंग घासून घासून लोकर घालवून बसली होती. खरजेची इंजेक्शनं देऊन झाली होती, गुण नव्हता. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, मग तिच्या पाठीवर नखांनी खाजवलं. मेंढी मान वर करून ओठ चाटायला लागली. मागचे पाय थरथरले. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"आक्का, ही खरूज न्हाय. मेंदूचा रोग वाटतोय. मी बी पुस्तकातच वाचलाय."

"औषिद?"

"न्हाय."

जिवंत मेंढीत हा रोग शोधायचा, तर डोळ्यातल्या तिसऱ्या पापणीचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो. मी डोकं धरलं. डॉक्टरांनी डोळा बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढला. महिन्यानं उत्तर आलं: तुकडा अपुरा. मग दुसऱ्या डोळ्यातून काढला. उत्तर आलं: रोग आढळला नाही.

आक्का हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"सापडला न्हाय म्हंजी न्हायच, असं न्हवं. खात्री मेल्यावरच, मेंदू तपासून."

"मंग जित्तेपनी तिचं डोळं कशाला कापलं वं?"

 त्यानंतर दर रविवारी डॉक्टर जुळे सोलापुरातल्या आपल्या घरून स्कूटरवर तिच्या मेंढवाड्यावर जायचे. करण्यासारखं काही नव्हतं, तरी जायचे. मेंढी उठेनाशी झाली, तेव्हा आक्काच म्हणाली, "सोडवा की तिला." शेवटचं इंजेक्शन डॉक्टरांनी मला देऊ दिलं नाही.

मेंदूच्या तपासणीत तोच रोग निघाला. सांगायला आम्ही दोघं गेलो. आक्कानं ऐकून घेतलं आणि त्या मेंढीच्या दोन पाठींकडं, म्हणजे तिच्या तरण्या लेकींकडं, बोट केलं.

"आन् ह्या?"

"येगळ्या बांधा. आईकडनं पिल्लात उतरतो ह्यो रोग कधीमधी. ह्यांचं आज मला सांगता येत न्हाय, आक्का."

"तुमाला येत न्हाय, मंग कुनाला येतंय?"

डॉक्टरांचे डोळे भरले. आक्कानं तांब्याभर ताक आणून त्यांच्यापुढं ठेवलं. म्हणाली, "प्या. उनातनं आलाय."

त्या हिवाळ्यात डॉक्टर हृदयविकारानं गेले. पाठींच्या पापण्यांचे तुकडे त्यांनीच काढून पाठवले होते. त्या तपासणीचे कागद मागाहून दवाखान्यात आले: आढळला नाही.

दोघी अजून वेगळ्या बांधलेल्या आहेत. एखादी खुंट्याला अंग घासते, आणि आक्का मला फोन करते, "खाजवतीया रं. काय असंल?" डॉक्टर असते तर 'ठाऊक न्हाय' म्हणायला तरी तिच्यापाशी जाऊन बसले असते. मी फोन कानाला लावून उभा राहतो.