धुळ्याच्या व्हरांड्यातला रोट

कानबाईसमोर त्या वर्षी मी काय मागितलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोसाठी आयुष्य मागितलं असणार, असं घरातले सगळे धरून चालले. मी म्हटलं होतं, आई, हिला फार झिजवू नको, लवकर सोडव. म्हणजे मलाही ते बघावं लागणार नाही, हा दुसरा भाग मी मनातसुद्धा नीट उच्चारला नाही. पण देवीसमोर काय लपतं?

नव्वदच्या दशकातला एक श्रावण. आम्ही धरणगावजवळच्या खेड्यातले. हिच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि धुळ्याच्या दवाखान्यात केमोचं पहिलं सलाईन बुधवारी लागायचं होतं. सगळी तयारी हिनेच केली. रक्त तपासून आली, दात दाखवून आली, पाणी उकळून बाटल्यांत भरून ठेवलं. त्याआधीच्या रविवारी घरात कानबाई बसली, तेव्हा हातात बळ नसताना रोटांची, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, कणीकही हिनेच मळली. मी नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो.

एक तयारी तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले होते, केस आधीच बारीक कापून या, नाहीतर पुढे झुबक्यांनी हातात येतील आणि बाई घाबरेल. हिची वेणी कमरेखाली पोचायची. वहिनीने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. "धनी जित्ता शे, ना केस कापाना?" सवाष्णीच्या केसांना कात्री लावायला कुणी धजेना. त्यात मीही आलो.

बुधवारी ही तशीच, वेणीसकट व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आली. तिचा पदर डोक्यावरून घसरला, तेव्हा चार-दोन बटा सोडल्या तर डोकं उघडंच दिसलं. ही उठून उभी राहिली. "चाला, घर जाऊत. माले नही लेनं सलाईन."

मी पिशवी उचलली. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. देवीने ऐकलं, असं वाटलं.

"पिशवी खाले ठेवा, भाऊ." बाकाच्या दुसऱ्या टोकाला डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती, ती बोलली. तिने रुमाल सोडला. गळून पुन्हा उगवलेले बोटभर केस, काळेभोर. "देख माय. बठ्ठा गयथात, आते परत इ ऱ्हायनात. मधला काळमा तेलना खर्च तेवढा वाचना मना."

ही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग स्वतःच म्हणाली, "तू कापी देशी?"

त्या बाईने सिस्टरकडून कात्री आणली. आधी वेणी घट्ट बांधून घेतली, हिला विचारलं, "कापू?" हिने मान हलवली. ती कापताना हिने डोळे मिटले नाहीत, समोर बघत राहिली. वेणी त्या बाईने माझ्या हातात दिली. "धरा. हाई कचरामा टाकानी वस्तू नही." वेणी जड होती, अजून ऊबदार होती. तिथे मला रडू आलं.

मग हिने डबा उघडला. कानबाईचे रोट भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत, आणि ती हिच्याइतकी कडक कुणी पाळत नसे. हिने रोट मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. माझ्या तोंडून "अवं" निघालंच. हिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"आमी बुद्धाना," ती बाई म्हणाली. "परसाद मी लेस नही, माय. भाकर म्हनीसन दे, खाई लेसू."

"भाकरच शे," ही म्हणाली. "बहीणले भाकर दी ऱ्हायनू."

दोघींनी रोट खाल्ला. सिस्टरने हाक मारली, तशी ही तोंड पुसून एकटीच आत गेली. मी वेणी मांडीवर घेऊन बाहेर बसलो. माझं मागणं देवीने बाजूला ठेवलं आहे, हे मला तिथे कळलं. काय हवं ते मला ठाऊक नव्हतं, आणि देवीला होतं. त्यानंतर मी तिच्यासमोर नुसते हात जोडतो, मागत नाही.

ती बाई आम्हाला पुन्हा भेटली नाही. ही मात्र सगळी सलाईनं घेऊन उठली. आमच्यात रोटाचे गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठींनी घेतात. पुढच्या श्रावणात हिने एक मूठ वरची टाकली. वहिनीने विचारलं, ही कोणाची? "मनी बहिणनी." ती मूठ अजून पडते. हिची वेणी पुन्हा कमरेपर्यंत आली आहे, थोडी पांढरी.

दर वर्षी ती मूठ टाकताना ही माझ्याकडे बघून हसते. तिला वाटतं, मी त्या रविवारी तिला मागून घेतलं होतं. तसं नव्हतं, हे मला तिला सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.