परतूरचे रोमन मामा

रोमन साम्राज्य बुडाल्याचं दुःख अजून मनाला लावून घेणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामांचं परतूरला कापडाचं दुकान. तरुणपणी कधीतरी ग्लॅडिएटरांवरचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं, आणि तेव्हापासून मामा देहाने परतुरात आणि मनाने रोममध्ये राहतात. साडी उलगडून दाखवता दाखवता ते रिंगणात जाळं फेकून लढणाऱ्या योद्ध्याकडे कधी वळले, हे गिऱ्हाइकाला साडी अंगावर येऊन पडल्यावरच कळतं. बायका हसतात, आणि तीच साडी घेऊन जातात. ग्लॅडिएटर जव आणि कडधान्यं खात, म्हणून एका हिवाळ्यात मामांनी भाकरी सोडली. मामींनी जवाची पेज वाढायला सुरुवात केली आणि स्वतःसाठी रोज मिरचीचा ठेचा कुटला. आठवडा संपायच्या आत मामा भाकरीवर परत आले. माझ्या लग्नात मानपानावरून दोन्हीकडच्या वऱ्हाड्यांची जुंपली, तेव्हा मामा खुर्चीवर चढले आणि अंगठा आडवा धरून उभे राहिले. हे काय, असं मी विचारलं.

"हरलेला हात वर करून दया मागायचा. त्याला मारायचं का सोडायचं, ते बघणारे लोक अंगठ्यानं सांगायचे," मामा म्हणाले. "पण वर म्हंजे काय अन् खाली म्हंजे काय, हे बराबर कोणालाच माहीत न्हाई. मंग आपण मधेच धरलेला बरा."

भांडणारे सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले आणि भांडण विरून गेलं.

अशा माणसाच्या हाती गेल्या वर्षी शेजारच्या गावाने जत्रेतल्या कुस्त्यांचा माईक दिला. मामांनी एकेका पैलवानाची ओळख करून देताना त्याचं कूळ थेट रोमला नेऊन भिडवलं. लोक खूश होते. शेवटच्या निकाली कुस्तीत मात्र अंबडकडच्या एका तरुण पैलवानाचा खांदा निखळला. तो कुशीवर पडून होता. पाठ लागली नव्हती, म्हणून कुस्ती सुटत नव्हती. समोरचा पैलवान गोंधळून थांबला. लोक उठून ओरडायला लागले, की सोडू नको, चीत कर. त्या सगळ्यांच्या वर कर्ण्यातून मामांचा आवाज घुमत होता, आणि तोही तेच ओरडत होता.

पडलेल्या पैलवानाने चांगला हात वर केला आणि आवाज येत होता तिकडे, मामांकडे पाहिलं.

मामा शब्द अर्धा टाकून थांबले. मग एवढंच म्हणाले, "कुस्ती बंद."

फडावर एकच गदारोळ झाला. पंचांनी बजावलं, की हे ठरवणं माईकवाल्याचं काम नाही. दोन-चार ढेकळंही आली. मामा माईक ठेवून मातीत उतरले, डोक्याचा फेटा सोडून त्यांनी त्या पैलवानाचा हात छातीशी बांधला. आम्ही त्याला माझ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

"मला वाटायचं, त्या बघणाऱ्या लोकांत मी असतो तर सोडा म्हणलो असतो," परत येताना मामा म्हणाले. "आज बघितलं ना, काय म्हणून राह्यलो होतो मी."

पैलवानाचा खांदा बसला. यंदाच्या जत्रेत तो पुन्हा उतरला आणि जिंकलाही. लोकांनी मामांना माईक देऊ केला. झालं-गेलं गाव विसरलं होतं. मामांनी हात जोडले आणि पार मागे, गर्दीत जाऊन बसले. सगळा फड आरोळ्यांनी दणाणत होता आणि मामा डोळे मिटून स्वस्थ होते. झोप लागली की काय, म्हणून मी त्यांना हलवलं.

"न्हाई," ते हळूच म्हणाले, "लोक काय म्हणून राह्यले, ते ऐकून राह्यलो."