सुनंदाबाईंचं माप

अमळनेरच्या सुनंदाबाई रोज सकाळी पापडखाराचा कण जिभेच्या टोकावर ठेवत आणि डोळे मिटत. त्यावरून त्या दिवशीच्या पिठात खार किती घालायचा ते ठरे. वीस वर्षं घर त्यांच्या पापडांवर चाललं. गल्लीतल्या बायका माप विचारायला त्यांच्याकडेच येत. त्यांनी कुणाला काही विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांच्या नवऱ्याच्या, सुपडूभाऊंच्या गालाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. तोंड जेमतेम बोटभर उघडे. पेज दिसली की ते मान फिरवत. उद्या जळगावला तपासणी होती. तोंडाने घट्ट काही जात नसेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालणार होते.

"मटण कर, ते खासू," भाऊ म्हणाले.

सून डिंपलने फोनवर चायनीज पद्धत पाहिली होती. बिनहाडाचं मटण धाग्याला आडवं, पातळ कापायचं. किंचित खायचा सोडा चोळून अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. मग अंड्यातलं पांढरं आणि कॉर्नफ्लॉवर लावून उकळत्या पाण्यात शिजवायचं.

"इतलासा सोडामा काय व्हई?" सुनंदाबाई पुटपुटल्या. डिंपल सोडा चोळून मागच्या दारी गेली, तेव्हा त्यांनी वर चमचाभर पापडखार टाकला.

अर्ध्या तासाने मटण बोटांना चिकटू लागलं. चार पाण्यांनी धुतलं तरी साबणासारखा वास जाईना.

"आई, तुम्ही काही घातलंत?"

बाहेर भाऊंनी ताटलीवर चमचा वाजवला.

"मीच टाका खार," सुनंदाबाई म्हणाल्या. रश्श्यासाठी ठेवलेलं उरलेलं मटण त्यांनी पुढे सरकवलं. "आते तू सांग. कितला?"

डिंपलने पाव चमचा भरून दाखवला. पुढचा अर्धा तास सुनंदाबाई हात पदरात घेऊन पातेल्यासमोर बसून राहिल्या.

"मटणले पावडर लाई का व?" ताटातल्या पांढुरक्या फोडी पाहून भाऊ दातांमधूनच बोलले. 

पहिली फोड आत सरकली. जबडा हलला, थांबला. भाऊंना ठसका लागला. डिंपलने पाण्याचा पेला उचलला. गळ्याची घाटी वर गेली, तिथेच राहिली, मग खाली आली. भाऊंनी दुसऱ्या फोडीकडे हात नेला.

सुनंदाबाईंनी ताट त्यांच्या जवळ ढकललं.

"सावकाश जेवा. उद्यानी बस दहाले शे."