अक्काची गाडी थंडीत अडली तेव्हा

माझी थोरली बहीण एरंडोलजवळच्या एका खेड्यात राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. पन्नाशी ओलांडल्यावर ती गाडी चालवायला शिकली, पण हौसेनं नाही. साखरेच्या आजारानं दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नजर जात चालली होती. समोर कोण उभं आहे ते त्यांना आकारावरून आणि आवाजावरून कळायचं, चेहरा दिसायचा नाही. डोळ्यांच्या उपचारासाठी वरचेवर जळगावला जावं लागे. दर वेळी कुणाला हात जोडायचे? अक्कानं गावातल्या एका जीपवाल्याला गाठलं आणि कापूस उपटून मोकळ्या झालेल्या रानात गाडी शिकून घेतली.

घरची जुनी डिझेल गाडी दाजींनी कितीतरी वर्षं चालवली होती. नजर अधू झाल्यावर त्यांनी किल्ली अक्काच्या हातात दिली आणि त्यानंतर गाडीचं नाव काढलं नाही. कुणी काढलं तर उठून आत जायचे.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि चांगलीच पडली. मी धुळ्याचा, मला थंडीचं काय नवल, पण अक्काच्या अंगणात सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावता येत नव्हता. आणि गाडी सकाळी चालूच होईना. दुपारी बिनतक्रार चालू व्हायची, सकाळी मात्र नुसती गुरगुरायची. शेजारी येऊन धक्का मारायचे. कुणी म्हणालं बॅटरी गेली, म्हणून अक्कानं नवी बॅटरी बसवली. तरी तेच. मग लोक म्हणू लागले, आता विकून टाका.

मी सुट्टी घेऊन गेलो होतो आणि एका सकाळी जळगावच्या डॉक्टरांनी दाजींना बोलावलं होतं. दाजी शाल पांघरून ओट्यावर बसले होते. अक्का सेल्फ मारत होती, थांबत होती, पुन्हा मारत होती. मी बाजूला उभा. मला स्कूटरपलीकडे काही कळत नाही.

अचानक दाजी ओरडले, "थांब! बस कर. सेल्फ जळी जाई!"

अक्कानं हात काढला. "मंग काय करू? डॉक्टर वाट देखत बसी का?"

"आयक ना जरा. सेल्फ कसा भक्कम फिरस. बॅटरीना दोष नही." ते भिंतीला धरून उठले. "मांगे धूर निंघस का?"

मी मागे जाऊन पाहिलं. "निघतोय. पांढरा, दाट."

दाजी अंदाजानं चालत गाडीपाशी आले, बोनेटवर हात ठेवला आणि हवेचा वास घेतला. कच्च्या डिझेलचा वास मलाही आला. ते म्हणाले, "डिझेल जाई ऱ्हायनं, पन जळत नही. आत थंडगार शे." मग अक्काला विचारलं, "किल्ली फिरावस तव्हय पिवळा दिवा लागस ना? तो इझू देस का?"

"कोनता दिवा?" अक्का म्हणाली.

डिझेल गाडीच्या इंजिनातली हवा तापवायला हीटर प्लग असतात, आणि ते तापेपर्यंत तो दिवा जळतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती शिकली उन्हाच्या दिवसांत. तेव्हा त्याची गरजच पडली नाही.

"तुम्ही माले कधी सांगं नही," ती म्हणाली.

"तू इचारं नही."

"कसं इचारू? गाडीनं नाव काढं की तुम्ही तोंड फिराई लेतस!"

बोलता बोलता तिचा आवाज रडवेला झाला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती तशीच बसून राहिली. दाजींना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज पुरेसा होता. ते खिडकीपाशी गेले आणि चाचपडत त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "आते दिवा लाव. मोजू नको, देखत ऱ्हा. इझना की मार."

गाडी चालू झाली, पण थरथरत, खोकत. दाजींनी मान हलवली. काही प्लगही गेलेले असणार, म्हणाले. त्या दिवशी आम्ही तसेच जळगावला गेलो आणि परत आल्यावर, इंजिन गरम असतानाच, कामाला लागलो. थंड इंजिनातून काढायला गेलं तर प्लग आतच मोडतात, असं त्यांचं म्हणणं. पाना अक्काच्या हातात, आणि तिच्या हातावर दाजींचा हात. "जोर नको लावू. सैल व्हवाले येळ दे." निघालेला एकेक प्लग मी वायरनं बॅटरीला लावून पाहिला. दोन प्लगांची टोकं लालबुंद झाली, दोनांची काळीच राहिली. दुसऱ्या दिवशी एरंडोलहून नवे आणले आणि अक्कानं स्वतः बसवले. त्यानंतरच्या सकाळी, गोठ्यावर धुकं असताना, गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. अक्का एवढ्या जोरात हसली की शेजारीण बघायला आली.

जळगावच्या डॉक्टरांनी त्या फेरीतच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र जपता येईल. पण घरात आता बोलणं वाढलं. ऑईल कधी बदलायचं, घाटात कुठला गिअर, यावर दोघांचे वाद होऊ लागले आणि अक्का त्यात मागे हटत नाही.

परवा तिचा फोन आला. ब्रेक दाबला की डावीकडून किर्र वाजतं म्हणे. "तुना दाजी म्हनतस, चाल एक चक्कर मार, मी आयकस. आम्ही पद्मालयना देऊळपर्यंत जाई उनूत."

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"काय नही," ती म्हणाली. "बारीक खडा व्हता. पन गनपतीनं दर्शन व्हयनं."