व्हर्लिनच्या गिटारचा पहिला सूर

ओपलने व्हर्लिनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो शाळेच्या आवारात मोटारीच्या सीटखाली डोकं घालून काहीतरी शोधत होता. गावोगाव फिरणारा त्यांचा बँड त्या संध्याकाळी टेक्ससमधल्या तिच्या गावी वाजवणार होता, आणि मांडीवरच्या गिटारच्या तारांवर फिरवायची त्याची पोलादी कांडी मोटारीच्या तळातल्या भोकातून वाटेत कुठेतरी पडली होती.

"कांडी नाही, तर गिटार रडणार कशी?" बँडचा म्होरक्या होमर म्हणाला. "लोक तेच ऐकायला येतात, बाबा. आज वाजली नाही, तर उद्यापासून तू मोकळा."

ओपलच्या वडिलांचं गॅरेज समोरच होतं. ती धावत गेली आणि ट्रॅक्टरच्या पिस्टनची गुळगुळीत पिन घेऊन आली.

"आधी ग्रीस पूस," ती म्हणाली, "नाहीतर गाणं घसरेल."

व्हर्लिनने पिन शर्टाला पुसून तारांवर टेकवली. पहिलाच सूर असा लांबत, वळत वर चढला की दिवसभर कापूस वेचून दमलेली माणसं बाकांवरून उठून उभी राहिली. ओपलच्या अंगावर सर्रकन काटा आला. होमर तर स्वतःची ओळ गायचीच विसरला.

त्या बँडबरोबर व्हर्लिन पुढे बरीच वर्षं हिंडला. आता त्याची ऐंशी उलटली आहे, आणि दर रविवारी तो ॲबिलीनच्या चर्चमध्ये वाजवतो.